बडोद्याहून मुंबईच्या क्वीअर टेक्नो पार्टीला कसं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी घरी कसं यायचं

गेल्या नवरात्रापासून मला निदान सात-आठ जणांनी हेच विचारलंय, की ताई तू मुंबईला त्या मोठ्या क्वीअर, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स अशा आपल्या लोकांच्या, पार्ट्यांना जातेस ना, मग एकदा नीट सांग की, कपडे काय घालायचे, तिकीट कुठून काढायचं, एकटं गेलं तर चालतं का, आत नक्की होतं काय. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली, वय छत्तीस, मला बायका आवडतात, दिवसा मकरपुऱ्यात एका कंपनीचं अकाउंट्स बघते. आठ-नऊ पार्ट्या झाल्यात. एवढ्यावर कोणी एक्सपर्ट होत नाही पण चुका भरपूर करून झाल्यात, त्या तुम्ही परत करू नका.

नाचायचं कसं ते मी सांगणार नाहीये. बडोद्याच्या माणसाला रात्र नाचून काढायला शिकवायचं म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवण्यासारखं आहे. नऊ रात्री अनवाणी मातीत गोल फिरलेले पाय आहेत आपले, हजारोंच्या गर्दीत आपली रांग न सोडता, घामाने भिजलेल्या ओढणीत, पोटऱ्यांत गोळे आले तरी. ते सगळं तिथे कामाला येतं. आपलं अडतं ते घरातून निघताना आणि घरी परत येताना, मधलं सोपं असतं.

तर आधी घर. पहिल्या वेळी मी सांगितलं की ऑफिसमधल्या मैत्रिणीचं लग्न आहे ठाण्याला. महाचूक. मराठी घरात लग्न म्हटलं की चौकशी थांबत नाही, मुलगा काय करतो, आडनाव काय, हॉल कुठला, आणि निघताना आईने पाचशे एक रुपयांचं पाकीट आणि वर खण-नारळ हातात ठेवला, म्हणाली एवढं बोलावतेय तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तो नारळ घेऊन मी रात्री साडेदहाला क्लबच्या दारात उभी. बाउन्सरने बॅग उघडली, नारळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत नारळाकडे, आणि म्हणाला, मॅडम ये अंदर नहीं जाएगा. क्लोकरूमच्या पोराने नारळाला टोकन लावलं, ते टोकन अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी सांगते की मुंबईला म्युझिकचा प्रोग्राम आहे, मैत्रिणीकडे उतरणार, उद्या संध्याकाळपर्यंत येते. यात एक शब्द खोटा नाही आणि लक्षात ठेवायचं पण काही नाही. आणि निदान एका माणसाला पूर्ण खरं माहीत असू दे, जागा, वेळ, सोबत कोण, फोनवर लाइव्ह लोकेशन चालू. माझ्या बाबतीत ती माझी आतेबहीण आहे, ती झोपून जाते पण सकाळी उठल्या उठल्या आधी तेच बघते.

काही जण घाबरून विचारतात की हे कायद्यात बसतं ना. बसतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध काढून टाकले, तेव्हा अशा पार्टीला जाणं हा गुन्हा नाही. लग्नाची मान्यता अजून नाही, २०२३ च्या ऑक्टोबरात कोर्टाने ते संसदेवर सोडलं, पण नाचायला लग्न लागत नाही.

कधी जायचं? मोठ्या पार्ट्या बहुतेक जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतात, मुंबईच्या प्राइडच्या, म्हणजे आपल्या लोकांच्या वार्षिक मोर्चाच्या, आसपास. बाकी वर्षभर छोट्या-मोठ्या चालूच असतात. तिकीट पार्टी करणाऱ्यांच्या स्वतःच्या पेजवर जी लिंक असते तिथूनच काढा, लवकर काढलं की स्वस्त पडतं. तिसऱ्या वेळी मी आळस केला, सोल्ड आउट झाल्यावर एका ग्रुपवरून कोणाचं तरी उरलेलं तिकीट घेतलं, बावीसशे रुपये, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट आला, आणि दारात स्कॅन केल्यावर लाल. त्याच कोडवर कोणीतरी अर्ध्या तासापूर्वी आत गेलं होतं. त्या माणसाने मला ब्लॉक केलेलं होतं आणि मी रस्त्यावर डोळ्यांत काजळ आणि गालावर चमकी लावून उभी. आतून बास ऐकू येत होता. चहा पिऊन परत गेले मैत्रिणीकडे, दुसरं काय.

तिकिटावर दोन गोष्टी बघा, वय आणि वेळ. बऱ्याच जागी एकवीसच्या खाली सोडत नाहीत, आणि महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ आहे त्यामुळे ओरिजिनल ओळखपत्र हवंच, झेरॉक्स दाखवून भागत नाही. ज्या ट्रान्स मित्र-मैत्रिणींचं कार्डावरचं नाव किंवा फोटो जुना आहे त्यांनी आधी पार्टी करणाऱ्यांना मेसेज टाकून ठेवा, नीट चालवलेल्या पार्टीत त्यांची यादी दाराशी असते, रात्री अकराला बाउन्सरशी हुज्जत घालण्यापेक्षा ते बरं. २०१९ च्या कायद्याने कलेक्टरकडून मिळणारं ट्रान्सजेंडर ओळखपत्र असेल तर तेच न्या. आणि वेळेचं असं की काही क्लब दीडला बंद होतात आणि काही जागी पहाटेपर्यंत चालतं, तर ते बघूनच राहायचं ठरवा. कारण मुंबईची शेवटची लोकल साधारण एकला जाते आणि पहिली चारच्या पुढे येते, मधले तीन तास कुठे काढणार ते घरूनच ठरवून निघायचं. मी तिथे जाऊन बघू म्हणणाऱ्यांपैकी होते. अंधेरी स्टेशनच्या बाहेर हाय हिल्समध्ये अडीच तास बसले की ती सवय आपोआप जाते.

बडोदा ते मुंबई ३९० किलोमीटरच्या आसपास आहे, गाड्यांना तोटा नाही. सकाळच्या गाडीने जा, पार्टी अंधेरी-गोरेगावकडे असेल तर बोरिवलीला उतरा, लोअर परळकडे असेल तर सरळ मुंबई सेंट्रल, आणि दुपारी झोपा, अगदी पडदे लावून दोन-तीन तास. संध्याकाळी पोटभर जेवा पण साधं. एकदा मी येतानाच सकाळी आपली सेव उसळ दाबून खाल्ली होती, तर्री जास्त मारून, आणि रात्री बाराला सबवूफरच्या समोर उभी राहिले. पुढचं सांगत नाही. भात-वरण खा.

कपड्यांचं फार डोक्याला लावून घेऊ नका. तिथे कोणी जाळीचा शर्ट घालून येतं, कोणी नऊवारी नेसून, कोणी ऑफिसमधून थेट फॉर्मलमध्ये. गाडीत साधे कपडे, बाकी बॅगेत, आणि तयार व्हायचं मैत्रिणीकडे किंवा हॉटेलवर, क्लबच्या टॉयलेटला रांग असते आणि आरसा एकच. फक्त बूट जुने घाला, पायाला बसलेले. गरब्याला अनवाणी चालतं, इथे खाली फुटलेली काच असू शकते. पैसे, कार्ड, फोन यासाठी कमरेला बांधायची ती बारकी बॅग, चणिया-चोळीवर लावतो तीच, तिच्यासारखं दुसरं काही नाही, दोन्ही हात मोकळे. रुमाल. रोख दोन-तीनशे. फोन पूर्ण चार्ज, आणि परतीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट कारण आत नेटवर्क मरतं.

आणि कानात घालायचे इअरप्लग. हे मी ओरडून सांगतेय. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि स्पीकरजवळ शंभर सहज असतो. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० ची मर्यादा सुचवलीय, पण ती मर्यादा कोण पाळतंय हे मोजायला आपण मीटर घेऊन जात नाही. माझ्या कानात पहिल्या पार्टीनंतर दोन दिवस शिट्टी वाजत होती, सोमवारी ऑफिसमध्ये लोक बोलायचे ते मला टीव्हीचा आवाज कमी केल्यासारखं यायचं. म्युझिकसाठीचे रबरी प्लग मिळतात, त्यातून गाणं स्वच्छ ऐकू येतं. कापूस चालत नाही.

म्युझिकबद्दल थोडं, कारण आपल्यातले काही जण अर्ध्या तासात कंटाळतात, म्हणतात एकच ठोका चाललाय, गाणं कधी सुरू होणार. अरे हेच गाणं आहे. दर ठोक्याला किक, म्हणजे ड्रमचा जड धम्म, पडते, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास, टेक्नो असेल तर अजून वर, आणि बाकीचे आवाज सोळा किंवा बत्तीस ठोक्यांनी हळूच येतात-जातात. कानाने मोजत बसू नका, पायाला कळतं. आपल्याकडे गरबा संथ सुरू होऊन चढत जातो ना, इथे ते चढणं तास-तासभर चालतं, त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत जीव तोडून नाचाल तर एक वाजता कोपऱ्यात बसलेले दिसाल.

आणि कोणी म्हणालं ना की हे फॉरेनचं खूळ, तर त्याला दोन गोष्टी सांगा. हाउस म्युझिक, म्हणजे टेक्नोचं जवळचं भावंड, हे नावच शिकागोच्या वेअरहाउस नावाच्या क्लबवरून आलंय, १९७७ पासून तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवायचा, तो स्वतः गे होता, आणि नाचणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो गे पोरं, ज्यांना बाकी क्लबांत कोणी विचारायचं नाही. म्हणजे हे म्युझिक आपल्यासारख्यांनीच उभं केलंय, आपण पाहुणे नाही. दुसरी गोष्ट, १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग या सेशन म्युझिशियनने रोलंड कंपनीचं बासचं ३०३ आणि ड्रमचं ८०८ ही मशिनं घेऊन राग वाजवले, डिस्कोच्या ठेक्यावर, आणि ते ऐकलं की लोक आज म्हणतात हे तर अ‍ॅसिड हाउस. शिकागोवाल्यांनी ३०३ मधून तो आवाज, हाउसचाच एक प्रकार, काढला ते त्याच्या काही वर्षं नंतर. तेव्हा ती रेकॉर्ड कोणी फारशी घेतली नव्हती, २०१० मध्ये परत निघाली तेव्हा जगाला कळलं.

आत गेल्यावर आधी एक चक्कर मारा. टॉयलेट कुठे, पाणी कुठे, बाहेर पडायचं दुसरं दार कुठे, मदतीला असलेली माणसं कुठे उभी आहेत. बऱ्याच पार्ट्यांत ती दंडावर पट्टी किंवा वेगळ्या रंगाचा टीशर्ट घालून असतात, कोणी त्रास दिला तर त्यांनाच सांगायचं, लाजायचं नाही. सोबत गेला असाल तर हरवल्यावर भेटायची जागा ठरवा, जत्रेत लहान पोरांना सांगतो तसं.

हात लावण्याचं. अंधार आहे, सगळे आपलेच आहेत, म्हणून चालतं असं काही नसतं. जवळ जायचंय तर आधी डोळ्याला डोळा, मग कानाशी जाऊन विचारा, चालेल? समोरच्याने मान हलवली तर ठीक, हसून वळला तर विषय संपला, परत पाच मिनिटांनी ट्राय मारायचा नाही. मघाशी हो म्हणालेला माणूस आता नाही म्हणू शकतो. खूप प्यायलेल्याचं हो धरायचंच नाही. आणि बायकांनो, एक सांगून ठेवते, मोठ्या पार्टीत गर्दी बहुतेक पुरुषांची असते, तुम्हाला कोणी त्रास देणार नाही पण कधीकधी कोणी बघणार पण नाही, पहिल्या वेळी मला फार एकटं वाटलं होतं. बायकांसाठी वेगळ्या नाइट्स असतात त्या शोधा, किंवा दोघी-तिघी मिळून जा. एकटी गेलात तर स्पीकरपासून लांब, डीजेच्या डाव्या-उजव्या कडेला उभ्या राहा, एकट्या आलेल्या बायका तिथेच सापडतात, का ते माहीत नाही पण सापडतात.

मला माझी माणसं तशीच सापडली. तीन वर्षांपूर्वी, बारा-पावणेएकचा सुमार, कडेला साठीचे एक काका उभे होते, इस्त्रीचा फुल शर्ट, खिशाला पेन, केस नीट भांग पाडलेले. मला वाटलं कोणाला घ्यायला आलेत. बराच वेळ नुसते मान डोलवत होते आणि मग अचानक टाळी वाजवली त्यांनी. एक, दोन, तीन, चौथ्या ठोक्याला हात मोकळे. त्रण ताळी. किकवर बरोब्बर बसली. मी तिथूनच ओरडले, काका बडोदा? ते म्हणाले, भरूच, पण नोकरी बडोद्यात झाली सगळी. मग मी लागले त्यांच्यामागे, एक जाळीच्या शर्टातला पोरगा लागला, गजरा माळलेली एक उंच ट्रान्स बाई लागली, पाहता पाहता दहा-बारा जणांचं रिंगण झालं, टेक्नोवर गरबा, स्ट्रोब लाइटमध्ये सगळ्यांचे हात तुकड्या-तुकड्यांत दिसत होते आणि काकांच्या खिशातलं पेन काही पडलं नाही.

याचा फोटो नाही माझ्याकडे, आणि नाहीये तेच बरोबर आहे. बर्लिनच्या बर्गहाइन क्लबमध्ये आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आता आपल्याकडे पण काही पार्ट्या लावतात. लावत नसतील तरी डान्स फ्लोअरवर फोन काढू नका. तुमच्या सेल्फीत मागे जो दिसतो त्याच्या घरी माहीत नसेल, ऑफिसात माहीत नसेल. आणि आपलं बडोदं तर असं की दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्याचं आडनाव काढून त्याच्या आजोळापर्यंत पोचतात. ओळखीचं कोणी भेटलंच, आणि भेटतंच, मला शाळेतल्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ भेटला, तर एवढंच करायचं की हसायचं, मिठी मारायची, आणि नंतर खंडेराव मार्केटमध्ये आईसोबत दिसला तर काय रे बरा आहेस ना, म्हणून पुढे जायचं. त्याने विषय काढला तरच काढायचा.

प्यायचं असेल तर ग्लास स्वतः घ्या आणि हातातच ठेवा, खाली ठेवून नाचायला गेलात तर परत त्याला तोंड लावू नका. दर तासाला पाणी. कोणी गोळी, पावडर देऊ केली तर नको म्हणा, एनडीपीएसचा, म्हणजे ड्रग्जचा, कायदा कडक आहे आणि रेड पडली तर तुमच्यासोबत नाचणारे सगळे लायनीत उभे राहतात, शिवाय त्या गोळीत काय आहे ते देणाऱ्याला पण माहीत नसतं. पण कोणी घेतली आणि तब्येत बिघडली, अंग तापलं, बरळायला लागला, तर त्याला उपदेश करत बसू नका. मोकळ्या हवेत न्या, शुद्ध गेली असेल तर कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, स्टाफला हाक मारा, ११२ लावा, आणि डॉक्टरला खरं काय घेतलं ते सांगा.

कोणासोबत गेलात तर कंडोम आपल्याच बॅगेत असू दे. चूक झाली, फाटला, तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, डॉक्टरकडे जाऊन पेप मागायचं, ते एचआयव्हीची लागण टाळायचं २८ दिवसांचं औषध असतं. नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, हेल्पलाइन १०९७, टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि बडोद्यात राहून कोणाशी बोलायचं हा प्रश्न असेल तर आपल्यासारख्यांसाठी काम करणारा लक्ष्य ट्रस्ट आपल्याच गावात सुरू झालाय, राजपिपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी काढलेला, २००० पासून, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. पार्टीनंतर अ‍ॅपवर मेसेज येतात, रूमवर ये म्हणून. त्या रात्री अनोळखी पत्त्यावर जाऊ नका, घरी बोलावून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, माझ्या ओळखीच्या दोघांना तसं लुबाडलंय आणि घरी कळेल म्हणून दोघंही पोलिसात गेले नाहीत.

आता परत येणं. इथे आपल्याला एक जास्तीचा त्रास आहे जो पुण्या-नाशिकवाल्यांना नाही. उंबरगाव आलं की गुजरात, आणि गुजरात आलं की दारूबंदी, १९४९ चा कायदा. बाटली सीलबंद असली तरी बॅगेत नको, मित्राने गिफ्ट दिली तरी नको, आणि फक्त बाटलीच नाही, पिऊन आलेला माणूस सापडला तरी केस होते, दारू महाराष्ट्रात प्यायली हे तिथे कोणी ऐकत नाही. त्यामुळे पहाटेची गाडी पकडायची घाई करू नका. झोपा, उठा, आंघोळ, नाश्ता, आणि दुपारची गाडी घ्या, शेवटचा ग्लास आणि उंबरगाव यांच्यात दहा-बारा तास तरी गेले पाहिजेत. मी तर आता फक्त लिंबू सोडा पिते, स्वस्त पण पडतं आणि गाडीत निवांत झोप लागते. हाताला बांधलेला कागदी बँड कात्रीने कापा, दाताने ओढू नका, तुटत नाही तो.

चमकी साबणाने जात नाही. खोबरेल तेल कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसा, मग फेसवॉश, आणि कानाच्या मागे, भुवयांत, नखांच्या कडेला बघा, तिथे हमखास राहते. मी त्या पहिल्या वेळी घरी आले, अंगणात चप्पल काढली, आईने चहा टाकला, कपबशी पुढे ठेवताना माझ्या कानाशी थांबली आणि बोटाने काहीतरी टिपून उजेडात धरलं.

"हळदीला चमकी उधळतात का गं हल्ली?"

मी म्हणलं हो. तिने ते बोट पदराला पुसलं आणि विचारलं, नारळ दिलास ना? नारळ क्लोकरूममध्येच राहिला होता.